मास्तरांचा खांदा

दुसऱ्याच्या शेतीवाडीचा, पगाराचा किंवा बायकोच्या माहेरचा मला कधी हेवा वाटला नाही. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. आमच्या ओळखीत हेवा करावा अशी शेतीवाडी फारशी कुणाची नव्हतीच. मला हेवा वाटला तो एका रेषेचा. ती कानामागून निघत होती, मानेवरून खांद्यावर येत होती, तिथे जरा घुटमळत होती आणि मग पाठीवरून धोतराच्या कासोट्यापर्यंत एका दमात उतरत होती. ती मी काढलेली नव्हती.

महायुद्ध चालू होतं. मी साताऱ्याच्या एका हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होतो. शाळेत ड्रॉइंग मास्तरची जागा ड्रिल मास्तरच्या खाली आणि घंटा देणाऱ्या शिपायाच्या किंचित वर असे. किंचितच, कारण घंटा चुकली तर शाळा बंद पडते. चित्र चुकलं तर कुणाचं काही बिघडत नाही. पण मला माझा अभिमान होता, आणि तो सगळा शेडिंगमध्ये साठलेला होता. काळा क्रेयॉन, कागदाची घट्ट गुंडाळी करून केलेला स्टंप आणि खोडायला पावाचा गर एवढ्या साहित्यावर मी मडक्याला पोट आणि माणसाला गाल आणू शकत असे. पाव घरात चालत नसे, म्हणून तो खिडकीबाहेर एका डब्यात ठेवलेला असे आणि मी वाळीत पडलेल्या नातेवाइकाला भेटावं तसा हात बाहेर काढून त्याला भेटत असे. आमच्या हेडमास्तरांनी एकदा माझ्या चित्रातलं पातेलं बघून "कल्हईला झालंय" असं म्हटलं होतं. ते मी प्रशस्तिपत्र समजून जपलं.

हे सगळं मला ज्यांनी शिकवलं ते आमचे ड्रॉइंग मास्तर सांगलीचे. त्यांच्या वर्गात दोन शब्दांवर राज्य चालायचं: कच्चं आणि पक्कं. कच्चं म्हणजे पुसट रेघांनी काढलेला आकार. तो मास्तरांना दाखवायचा. ते चष्म्यावरून बघायचे, चूक असली तर पाठीत एक गुद्दा, बरोबर असलं तर "पक्कं कर" एवढंच. मग छाया, प्रकाश, गोलाई. कच्चं हे चित्र नव्हेच. कच्चं म्हणजे चित्राचा पाया, आणि पाया कुणी भिंतीवर टांगत नाही. सांगलीतली दोन पिढ्यांची माणसं मास्तरांच्या हाताखालून गेली. त्यांतले पुढे कुणी वकील झाले, कुणी हळदीचे व्यापारी झाले, पण चित्र बघायचं म्हटलं की त्यांच्या डोक्यात हेच दोन कप्पे उघडायचे.

माझ्या शेजारी बाकावर बसणारा मित्र पलूसकडचा. घरी ऊस, थोरला भाऊ पलटणीत. त्याला गुद्दे जास्त मिळायचे, कारण तो कच्च्यातच रमायचा. पक्कं करायची वेळ आली की त्याला तहान लागायची. मॅट्रिकनंतर मी ड्रॉइंगच्या परीक्षा दिल्या आणि नोकरी धरली. तो मुंबईला चित्रकलेच्या शाळेत गेला. मला वाटलं होतं, वर्षाच्या आत परत येऊन ऊस तोडेल. तो राहिला. मुंबईत राहूनही त्याची भाषा शुद्ध झाली नाही. मी साताऱ्यात राहून शुद्ध करून घेतली होती.

मुंबईवर बॉम्ब पडणार अशी आवई उठली आणि माणसं ट्रंका घेऊन गावी येऊ लागली. हाही आला, आणि घरी जायच्या आधी आमच्याकडे साताऱ्यात उतरला. त्याच्या ट्रंकेत दोन सदरे होते आणि बाकी सगळे कागद. अंघोळ व्हायच्या आत त्यानं मला एक पान दाखवलं. परदेशी मासिकातलं, कुठून तरी फाडून आणलेलं. त्यावर एक बाई पाठमोरी बसली होती. बसली होती म्हणजे, चारपाच रेघा होत्या. तोंड नाही, बोटं नाहीत, बसायला पाट नाही, पाटाची सावली नाही. कागद बहुतेक कोराच.

"याचं पक्कं कुठे आहे?" मी विचारलं.

"ह्येच पक्कं हाय, गड्या."

"कुणी केलंय?"

"पॅरिसातला हाय एक. लय मोठा माणूस. तिकडं फोटू निघाय लागल्यावर ह्या लोकांनी इचार केला, आता हुबेहूब काढायला यंत्र हाय, मग आपुन कशाला घासायचं? जे न्हाई काढलं तरी दिसतं, ते काढायचंच न्हाई."

"मग कोरा कागदच टांगावा की."

तो खदखदून हसला. "त्येबी कुनीतरी करंल बघ."

पॅरिसचं नाव ऐकून नमस्कार घालणाऱ्यांतला मी नव्हे. साताऱ्यात त्या सुमारास विलायतेहून आलेल्या प्रत्येक गोष्टीवर एकतर बहिष्कार होता किंवा तिची आरती होती. मी दोन्ही टाळत आलो होतो. मी त्याला सांगितलं की हात आखडले की माणूस साधेपणाचं तत्त्वज्ञान काढतो. तो म्हणाला, "आसंलबी." वाद घालणारा माणूस परवडतो. "आसंलबी" म्हणणाऱ्याचं काय करायचं?

त्या दुपारी माझी बायको सोप्यात तांदूळ निवडत होती. हा समोर भिंतीला टेकून बोरू आणि शाईची दौत घेऊन बसला. मी काय चाललंय ते बघायला उठलो तोवर झालंसुद्धा. तिच्या वाकलेल्या मानेची एक रेघ, गुडघ्यापर्यंत आलेल्या पदराची एक, आणि सुपाच्या कडेवर थबकलेला हात. नाक अर्धंच होतं.

"बघू तरी भावजी," असं म्हणत तिनं कागद घेतला आणि तोंडावर हात ठेवला. "अगंबाई! मी अशी बसते होय?"

लग्नाच्या पहिल्या वर्षी मी तिचं चित्र काढलं होतं. कितीतरी रविवार ती मान अवघडून बसली होती. नथीतल्या प्रत्येक मोत्यावर मी उजेडाचा ठिपका ठेवला होता. पूर्ण झाल्यावर तिनं ते निरखून बघितलं आणि अगदी आदरानं विचारलं होतं, "छान आहे. कुणाचं?" ते चित्र भिंतीवर लावलं, पण मुख्यत्वे तिथे ओल आलेली होती म्हणून. याचा कागद तिनं ट्रंकेत पातळांच्या घडीत ठेवला. जेवताना ती त्याला दुसऱ्यांदा आमटी वाढायला गेली तेव्हा मी तिला सांगितलं की मीही इथेच बसलो आहे.

याच सुमारास सांगलीहून निरोप आला. आमचे मास्तर सेवानिवृत्त झाले होते आणि त्यांच्या सत्काराची समिती नेमली गेली होती. मास्तरांचं मोठं चित्र शाळेच्या हॉलमध्ये लावायचं ठरलं होतं, आणि ते काढायला त्यांचा शिष्य म्हणून मला बोलावलं होतं. त्या हॉलमध्ये आजवर संस्थानिक, दिवाण आणि हेडमास्तर सोडून कुणी टांगलं गेलं नव्हतं. ड्रॉइंग मास्तर तिथे चढणार, आणि मी त्यांना चढवणार. मला या कामाचं किती अगत्य होतं ते मी घरात दाखवलं नाही. फक्त युद्ध सुरू व्हायच्या आधी घेऊन ठेवलेला जाड विलायती कागद कपाटातून काढून उन्हाला दाखवून घेतला. मास्तरांचा खरा शिष्य कोण, याचा निकाल लागायची ती वेळ आहे असं मी मनात धरलं होतं. निकाल बाकी कुणी मागितलेला नव्हता.

"मास्तरांचं चित्र?" मित्र म्हणाला. "मग मीबी येतो सांगलीला. लय दिवस झालं, गुद्दा खाल्ला न्हाई."

समितीचे अध्यक्ष रावसाहेब होते. संस्थानच्या नोकरीतून मोकळे झालेले, आणि मोकळे झाल्यापासून गावातल्या प्रत्येक समितीत अडकलेले. मास्तरांना कसं बसवायचं हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. मास्तरांच्याच जुन्या वर्गात एक नक्षीची खुर्ची आणून ठेवली होती. मास्तरांना बंद गळ्याचा कोट घातला होता, डोक्यावर कुणाची तरी मागून आणलेली पगडी होती, आणि ती कानावर उतरत होती.

"हातात पुस्तक पाहिजे," रावसाहेब म्हणाले.

"कुठलं?" मी विचारलं.

"जाड."

जाड पुस्तक आलं. मास्तर त्या खुर्चीत असे बसले की जणू कुणी त्यांच्यावर फिर्याद केली आहे. ते माझ्याकडे बघेनात, पुस्तकाकडे बघेनात. फक्त समोरच्या फळ्याकडे बघत राहिले. मी कच्चं केलं, त्यांना दाखवलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "हं. पक्कं कर." मी खूश झालो आणि घासायला बसलो. रोज बैठक व्हायची. कोटाची बटणं फार सुरेख उतरू लागली.

मित्र खिडकीत बसून असायचा. कधी कृष्णेवर पोहून यायचा आणि ओल्या केसांनीच बसायचा. मास्तर मधूनच त्याला विचारायचे, "काय रे, मुंबईला काही शिकलास का नुसताच हिंडलास?" तो म्हणायचा, "हिंडलोच मास्तर." आणि दोघेही हसायचे. मला मास्तर काही विचारत नसत. मी काम करत होतो.

एका सकाळी मास्तरांचा धीर सुटला. फळ्यावर कुण्या पोरानं वर्तुळ काढून ठेवलं होतं, बटाट्यासारखं. त्याच्याकडे ते रोज बघत होते. ते एकाएकी उठले, पगडी आणि कोट काढून खुर्चीवर ठेवले, जाड पुस्तक पगडीशेजारी ठेवलं आणि फळ्यापाशी गेले. बटाटा पुसला. डावा हात पाठीमागे कमरेवर ठेवून, उजवा हात खडूसकट वर उचलून ते वर्तुळ काढायला उभे राहिले. आम्ही शाळेत असताना ज्या उभं राहण्याची वाट बघायचो तेच ते उभं राहणं. मी स्टंप खाली ठेवून हात पुसून घेतले, कारण बैठक मोडली होती. खिडकीत बोरू दौतीत बुडल्याचा आवाज आला.

शिपायानं आणलेला चहा निवायच्या आत त्याचं चित्र झालेलं होतं. मास्तर पाठमोरे. केस विस्कटलेले, म्हणजे डोक्यावर तीन फटकारे. वर गेलेला हात. पाठीमागचा हात. आणि कानामागून कासोट्यापर्यंत ती रेषा. फळा काढलेला नव्हता. वर्तुळ काढलेलं नव्हतं. पण तो माणूस कुठे उभा आहे आणि काय करतो आहे, हे कुणाला सांगावं लागलं नसतं. मास्तर वळायच्या आत त्यानं तो कागद माझ्या टेबलावर वाळत टाकला आणि चहा घ्यायला गेला.

संध्याकाळी समिती आली. माझं अर्धं झालेलं खुर्चीतलं चित्र बोर्डावर होतं आणि हा कागद शेजारी. रावसाहेबांनी माझं चित्र बघून "हं, हं" केलं, मग त्यांची नजर शेजारी गेली आणि ते थांबले.

"वा! हे पाहा मास्तर! जसेच्या तसे. अहो ड्रॉइंग मास्तर, हे कच्चं केव्हा केलंत?"

सगळे पुढे वाकले. समितीत हळदीचे एक व्यापारी होते, तेही मास्तरांचेच विद्यार्थी. ते म्हणाले, "असंच उभं राहायचे बरं का. मी याच पाठीला घाबरून सुतासारखा सरळ झालो."

"मग ठरलं," रावसाहेब म्हणाले. "ते खुर्चीतलं सोडा. त्यात मास्तर बँकेच्या एजंटासारखे दिसताहेत. हेच पक्कं करा. छाया, प्रकाश, सगळं यथासांग."

"आणि पक्कं करताना," व्यापारी म्हणाले, "तोंड तेवढं आमच्याकडे वळवा."

माझी कानशिलं तापली. मी म्हणालो, "हे माझं नाही. यानं काढलंय." आणि खिडकीकडे बोट केलं. "आणि हे कच्चं नाही. हे असंच असतं. नवीन पद्धत आहे." त्या नवीन पद्धतीचा वकील म्हणून उभं राहायची पाळी माझ्यावर यावी, हे मला तेव्हाही विचित्र वाटलं.

रावसाहेबांनी मित्राकडे बघितलं. त्याचे केस ओले होते, पायांत काही नव्हतं. "असू दे, असू दे," ते समजुतीनं म्हणाले. "कच्चं कुणीही करावं. नाव पक्कं करणाराचं लागतं."

मी मित्राकडे वळलो. मला वाटलं, आता तरी हा भांडेल, कागद उचलून चालता होईल, निदान चार शिव्या देईल.

"कर की गड्या," तो म्हणाला. "तुझी शेड झकास असती. मी काय, दुसरं काढीन."

मी त्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. टोमणा नव्हता. त्याला खरंच काही वाटत नव्हतं. जे माझ्या हातून जन्मात एकदा व्हावं म्हणून मी तळमळत होतो, ते त्याच्यापाशी इतकं होतं की त्यातलं एक मला देऊन टाकायला त्याचं काही जात नव्हतं. त्या क्षणी मी त्याचा जितका द्वेष केला तितका नंतर कुणाचाही करणं मला जमलेलं नाही.

मी दोन्ही चित्रं घेऊन साताऱ्याला आलो. त्याचा कागद टेबलावर पिनांनी ठोकला. क्रेयॉन काढला, स्टंप काढला. आता जगातल्या सगळ्यांची मला परवानगी होती: समितीची, चित्रकाराची, मास्तरांनी घालून दिलेल्या शिस्तीची. मत्सराला इतकं कायदेशीर काम क्वचितच मिळतं.

सुरुवात चूक शोधण्यापासून केली. ओळंबा धरला, पट्टीनं मापं घेतली, आणि चूक सापडली. उजवा खांदा खाली होता. हात वर उचललेला असताना खांदाही वर जायला हवा. चित्रातला उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरलेला होता. शरीरशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात हे बसलं नसतं. मी बायकोला हाक मारून दाखवलं. इतका आनंद मला परीक्षेचा निकाल लागला तेव्हाही झाला नव्हता.

"मग नीट करा की," ती म्हणाली.

मी पातळ कागद वर ठेवून चित्र छापून घेतलं आणि त्यावर खांदा नीट केला. वर, जिथे असायला हवा तिथे. मग जरा मागे सरून बघितलं. धोतर नेसलेला एक निरोगी गृहस्थ फळ्यापाशी उभा होता. सांगलीत असे पुष्कळ असतील. मास्तर गेले होते. खांदा पुन्हा खाली आणला, तर मास्तर पुन्हा आले. मी पुन्हा वर नेला; पुन्हा गेले. शेवटी मी डोळे मिटून त्यांना वर्गात उभं केलं, आणि तेव्हा मला दिसलं की ते खरोखर तसेच उभे राहत. हात वर गेला की त्यांचा खांदा खाली यायचा. इतकी वर्षं पाठीमागे बसून मी फळ्यावरचं वर्तुळ बघत आलो होतो. हा गुद्दे खाणारा प्राणी त्यांची पाठ बघत होता.

मी शेड दिली नाही. यात काही उदारपणा होता असं कुणी समजू नये. एका कोपऱ्यात, कासोट्याच्या चुणीत, मी क्रेयॉन टेकवून बघणार होतो. पण ती रेषा इतकी स्वच्छ होती की तिच्याशेजारी माझी शेड म्हणजे हात न धुता लावलेलं बोट दिसलं असतं, आणि ते बोट कुणाचं हे सगळ्यांना कळलं असतं. मत्सर नसता तर मी कदाचित आज्ञाधारकपणे घासून मोकळा झालो असतो.

"काय झालं? जमत नाही का?" बायकोनं विचारलं.

"जमत नाही असं नाही."

"मग?"

"दिसेल."

"काय दिसेल?"

"मी केलंय ते."

मी पिना काढल्या आणि खुर्चीतल्या मास्तरांच्या कोटाचे काज पुरे करायला घेतले.

सत्काराच्या दिवशी हॉलमध्ये पताका होत्या. रावसाहेब मास्तरांविषयी बोलायला उभे राहिले आणि बराच वेळ स्वतःच्या संस्थानी नोकरीविषयी बोलले. शेवटी मास्तर आठवले तेव्हा म्हणाले की अशा माणसांमुळेच आपण हे सगळं करू शकलो. सभेच्या आधी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "त्या उभ्याचं पक्कं झालं का?" मी म्हटलं, "ते पक्कं होण्यासारखं नाही." त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "मला वाटलंच. कच्च्यातच काही दम नसला तर तुम्ही तरी काय कराल?" म्हणून खुर्चीतलं चित्र लागलं. अनावरण करताना पडदा खिळ्यात अडकला, तो व्यापाऱ्यांनी उडी मारून सोडवला. टाळ्या झाल्या. मला हार घातला. मास्तरांनी शाल आणि नारळ घेतला, चित्राकडे बघितलं आणि मला म्हणाले, "छान. बटणं फार छान. हॉलमध्ये शोभेल." मी वाकून नमस्कार केला. मी जिंकलो होतो. मित्र सगळ्यांत मागे, खिडकीच्या कट्ट्यावर होता आणि मनापासून टाळ्या वाजवत होता.

बाहेर पटांगणात समितीचा फोटो काढायचा होता. खुर्च्या मांडेपर्यंत वेळ होता. मित्राचा कागद परत करावा म्हणून मी त्याला मास्तरांच्या वर्गात नेलं. मी गुंडाळी सोडतो आहे तोच मास्तर आत आले. हारतुऱ्यांतून पळून, जिथे पाय नेतील तिथे आले असावेत. त्यांनी कागद बघितला.

"हे कुणाचं?"

"माझं, मास्तर," मित्र म्हणाला.

ते चष्म्यावरून बघत राहिले. मग त्यांचा चेहरा तांबडा झाला, आणि मला आमचा जुना वर्ग दिसला.

"गाढवा! खांदा बघ. हा खांदा आहे? हात वर आणि खांदा खाली? मुंबईला जाऊन हे शिकलास? लाज नाही वाटत? इतके गुद्दे घातले ते सगळे उसात गेले वाटतं!"

"आसाच हाय मास्तर."

"असाच? मला शिकवतोस? माझा खांदा मला माहीत नाही?"

आपली पाठ कुणी पाहिलेली नसते. हे त्या खोलीत मला माहीत होतं, मोजून माहीत होतं. मी म्हणालो, "मास्तर, खांदा बरोबर आहे. मी ओळंबा लावून बघितलाय. तुमचा खांदा तसाच आहे."

मास्तरांनी वळून माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. पाहुण्याकडे बघावं तसं.

"तू मध्ये पडू नकोस," ते मऊपणानं म्हणाले. "तुझं पक्कं झालंय ना? जा, बाहेर तुझी वाट बघताहेत."

आणि पुन्हा मित्राकडे वळून, पुन्हा त्याच आवाजात: "बघतोस काय? काढ परत. मी उभा राहतो. आणि या खेपेला खांद्याकडे नीट बघ, नाहीतर ही शेवटची रेघ समज."

"व्हय मास्तर." त्यानं खिशातून बोरू काढलासुद्धा. त्याचा चेहरा मी बघितला. शिव्या खाऊन इतका सुखी झालेला माणूस मी दुसरा बघितलेला नाही. मला मास्तर आयुष्यात कधी गाढव म्हणाले नव्हते. आजवर मला तो माझा गुण वाटत आला होता.

मास्तरांनी शाल काढली, कोट काढला, दोन्ही माझ्या हातांत दिले आणि फळ्याकडे गेले. खुर्चीत ते कधी इतक्या राजीखुशीनं बसले नव्हते.

बाहेरून रावसाहेबांची हाक आली, "चित्रकार कुठे आहेत? अहो, चित्रकार!" मित्रानं मान वर केली नाही. मास्तर पाठमोरे होते. हाक मलाच होती, म्हणून मी शाल आणि कोट बाकावर ठेवून गेलो.

पटांगणात सगळे ओळीनं बसले होते आणि मधली खुर्ची मोकळी होती. फोटोग्राफर उजेड जाईल म्हणून कुरकुरत होता. मी सांगितलं की मास्तरांना वेळ लागेल. रावसाहेबांनी क्षणभर विचार केला. अशा प्रसंगी त्यांना नेहमी काही तरी सुचत असे.

"हरकत नाही. ते चित्र आणा आणि ठेवा खुर्चीवर. हुबेहूब तर आहे."

शिपायानं हॉलमधून चित्र उतरवून आणलं. ते खुर्चीवर बरोबर बसलं. मला त्याच्या शेजारी उभं केलं, गळ्यातला हार नीट केला, आणि फोटोग्राफर काळ्या कापडाखाली गेला.

त्या फोटोची एक प्रत माझ्याकडे आहे. सगळे समोर बघताहेत, चित्रातले मास्तरसुद्धा. मी तेवढा वर्गाच्या दाराकडे बघतो आहे.